तिसरा निसणा

तिला सगळे भिंगरी म्हणत. वयाच्या सातव्या वर्षी म्हणत होते आणि एक्केचाळिसाव्या वर्षीही म्हणतच होते, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती. केस कापताना ती खुर्चीभोवती फिरायची, गप्पा मारताना दुकानभर फिरायची, आणि हसू आलं की स्वतःभोवती फिरायची. हसू तिला दिवसातून पंधरा-वीसदा यायचं. लग्न राहून गेलं होतं, कुणाच्या विरोधामुळे नव्हे, तर नुसतं राहून गेलं होतं, जसा एखादा निरोप सांगायचा राहून जातो तसं.

दुकान तिच्या दादाचं. त्यात खुर्च्या दोन. मागची खुर्ची भिंगरीची, तिथं लहान मुलांचे केस मशीननं कापायचे आणि मुलं रडली की त्यांना नकला करून हसवायचं. पुढची, खिडकीजवळची, दादाची. तिथं दाढी व्हायची, आणि तीही वस्तऱ्यानं. पातं बदलून फेकून द्यायच्या वस्तऱ्यानं नाही, खऱ्या वस्तऱ्यानं, जो निसण्यावर घासून आणि चामड्याच्या पट्ट्यावर ओढून तयार करावा लागतो. निसणा म्हणजे धार लावायचा दगड, वीतभर लांब, चार बोटं रुंद. दादाचा निसणा दादाशिवाय कुणी हातात घेतलेला नव्हता. वहिनी म्हणायची, "माझ्याकडे बघतात त्याच्या दुप्पट वेळ त्या दगडाकडे बघतात."

मग दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका गिऱ्हाइकाच्या कानालाच त्यानं साबण लावला, तेव्हा वहिनीनं त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. एक डोळा आधी, दुसरा नंतर, मध्ये विश्रांती, असे तीन महिने वस्तऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दुकानातून निघताना दादा उंबऱ्यावर थांबला.

"भिंगरे, तीन महिने पुढची खुर्ची तुझी."

भिंगरीला तिथल्या तिथं गिरकी घ्यावीशी वाटली. तिनं ती घेतलीही.

"फिरू नकोस, ऐक! मी परत येईन तेव्हा पहिली दाढी माझी. तूच करायची. वस्तरा लोण्यासारखा फिरला, तर खुर्ची कायमची तुझी, मी गल्ल्यावर बसेन. पण एकदा जरी केसात अडून ओढला, तरी तू परत मागं. आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

एवढं बोलून तो गेला. जाताना आपला निसणा फडक्यात गुंडाळून काखेत मारून घरी घेऊन गेला, कुणाचा हात लागेल म्हणून. भिंगरीसाठी फळीवर वडलांचा जुना निसणा राहिला.

वीस वर्षं ती त्या खुर्चीकडे मागून बघत होती. आरशात तिला दादाच्या मनगटाची हालचाल दिसायची आणि मुलांच्या डोक्यावर मशीन फिरवताना तिचंही मनगट नकळत तसंच वळायचं. तिला ती खुर्ची हवी होती. दुकान नको होतं, मान नको होता, फक्त ती खुर्ची हवी होती, आणि आता ती तीन महिन्यांच्या अंतरावर होती.

पहिल्याच आठवड्यात समोरचा सुतार दाढीला आला.

समोरचा म्हणजे अगदी समोरचा. मध्ये फक्त रस्ता. त्याच्या कारखान्यातला भुसा वाऱ्यानं तिच्या दुकानात यायचा आणि तिच्या दुकानातले केस त्याच्या दारात जायचे, एवढाच दोघांचा आजवरचा व्यवहार. पन्नाशीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला कंजूष माणूस. त्याची नजर खुर्चीत बसल्या बसल्या फळीवरच्या दगडावर गेली.

"बाई, हा निसणा बशी झालाय."

"म्हणजे?"

"मधोमध खोल गेलाय. यावर पातं सपाट बसणार कसं? काळजी करू नका, माझाही तसाच झालाय. दोन्ही एकमेकांवर घासू. उंच भाग झिजतो, दोन्ही सपाट होतात."

आयुष्यात तो एका दमात एवढं कधी बोलला नसेल. बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकल्यासारखा दिसला. भिंगरी हसली. हसताना वस्तरा त्याच्या गालापासून वीतभर लांब धरला होता, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सुतार आपला निसणा घेऊन आला. दोघांनी दोन्ही दगडांवर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या. जिथली रेघ पुसली जाईल तो भाग उंच, जिथली राहील तो खोल. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला असं समजायचं. सुतारानं आपला दगड ओल्या फडक्यावर ठेवून दोन्ही हातांनी धरला, भिंगरीनं आपला त्यावर ठेवला, पाणी शिंपडलं आणि घासायला लागली. खर्रर्र, खर्रर्र. राखाडी गाळ दोघांच्या बोटांवरून वाहायला लागला. अर्ध्या तासात रेघा साफ गेल्या.

खरं सांगायचं तर काम तिथंच संपलं होतं. दगड अगदी कामापुरते सपाट झाले होते. दोघांनी हात धुऊन आपापल्या जागी जावं, एवढंच उरलं होतं.

"पुन्हा एकदा रेघा मारून बघूया का?" भिंगरी म्हणाली.

"बघूया," सुतार म्हणाला. "खात्री केलेली बरी."

पुढच्या शनिवारीही खात्री केली, आणि त्याच्या पुढच्याही. मग बुधवारी पण थोडी खात्री करायला काय हरकत आहे, असं सुतारालाच वाटलं. भिंगरी रेघा दाट मारायला लागली, म्हणजे पुसायला वेळ लागतो. सुतार पाणी हळूहळू, थेंब थेंब घालायला लागला. दगडावरून चार हात पुढे-मागे जात आणि चारही हात एकसारखे राखाडी होत. कुणाचं बोट कुणाचं हे कळेनासं झालं, आणि कळून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. भिंगरीला तर दिवसभर पायांखाली जमीन लागत नव्हती. आरशात बघून ती स्वतःलाच ओळख द्यायची. एकदा तिनं एका आजोबांच्या डोक्याला साबण लावला आणि त्यांनी आठवण करून दिली की दाढी खाली असते.

सहाव्या आठवड्यात दोन्ही दगड एकमेकांवर असे बसले की वरचा उचलला की खालचाही सोबत उचलला जाई. मध्ये केस शिरेल एवढीही फट नव्हती. दोघांनी ते उजेडासमोर धरून पाहिले.

"जमलं," सुतार म्हणाला.

"काय जमलंय!" भिंगरी म्हणाली.

खात्री करणं तरीही चालूच राहिलं. आता गंमत अशी, की नेमकं तेव्हापासून सगळं बिघडायला लागलं. भिंगरीचा वस्तरा टोकांना चाले आणि मध्ये अडखळे. गिऱ्हाइकं भली होती. वकील म्हणाले की आज दाढीच जरा राठ आहे. पाववाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं तेव्हा त्यानं आई आठवली म्हणून सांगितलं. वास्तविक त्याची आई भट्टीवर बसून त्याचीच वाट बघत होती. भिंगरीनं सगळ्यांचं खरं मानलं. यंदा हवेत काहीतरी आहे, दाढ्या राठ येतायत, असं तिनं ठरवून टाकलं. तिकडे सुताराचा रंधा फळीवर दोन्ही कडांना दोन चर पाडत होता, आणि यंदा लाकूडच हलकं येतंय असं त्याचं मत झालं होतं. एकूण सगळ्या जगात दोष होता, फक्त त्या दोन दगडांत नव्हता. प्रेमात पडलेल्या माणसांना शहाणपण शिकवायला जाऊ नये, ती ऐकत नाहीत.

तीन महिने भरायला एक दिवस उरला. शनिवार होता. उद्या दादा येणार होता. दुपारी पाववाला खुर्चीत बसला, भिंगरीनं त्याच्या तोंडाला भरपूर साबण लावला आणि वस्तरा टेकवला. पाववाला मोठ्यानं ओरडला.

"अगं आई गं!"

"आई आठवली?"

"नाही!" पाववाला म्हणाला. "आज नाही! आज वस्तराच आठवला! भिंगरे, उपटतेस की काय एकेक केस?"

भिंगरीनं स्वतःच्या हातावरच्या लवेवर वस्तरा फिरवून पाहिला. टोकानं लव गेली. मधल्या भागाखाली जशीच्या तशी उभी राहिली. म्हणजे दाढ्या राठ नव्हत्या. उद्या दादाच्या गालावर हाच वस्तरा जाणार होता, तो एकदा ओढणार होता, आणि वीस वर्षं मागून बघितलेली खुर्ची पुन्हा मागूनच बघायची होती. पाववाल्याला साबणासकट तसाच सोडून ती रस्ता ओलांडून धावली.

"अहो सुतार! तुमची ती पोलादी पट्टी घेऊन या! तुमचा दगडपण आणा! लवकर!"

सुतार पट्टी आणि दगड घेऊन धावत आला. पट्टी उभी धरून भिंगरीच्या निसण्यावर ठेवली. दोन्ही टोकांना टेकली आणि मध्ये उजेडाची फट दिसली. खळगा. पट्टी सुताराच्या निसण्यावर ठेवली. मध्ये टेकली आणि टोकांना डुलायला लागली. फुगा.

दोघं दगडांकडे बघत राहिले. मग भिंगरीनं एक दगड दुसऱ्यावर ठेवला. चपखल. फट नाही.

"वरचा नेहमी माझा होता," ती हळूच म्हणाली. "वरचा मधून झिजत गेला आणि खालचा कडांनी. दर वेळी."

"आणि दोघांचं एकमेकांशी जमत गेलं," सुतार म्हणाला.

"पहिल्याच शनिवारी थांबलो असतो तर?"

"तर सपाट होते."

"मग थांबलो का नाही?"

सुताराचे कान लाल झाले. भिंगरीनं त्या कानांकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना. उद्या सगळं जाणार आहे हे माहीत असूनही थांबेना. सुतारालाही हसू आलं, कदाचित वर्षानुवर्षांचं साठलेलं एकदम. दोघं जमिनीवर बसून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साबण लावलेला पाववालाही काही न कळता हसायला लागला आणि साबण नाकात जाऊन शिंकला.

नेमका तेव्हाच दादा दारात उभा होता.

एक दिवस आधीच आला होता, राहवलं नाही म्हणून. काखेत फडक्यातला निसणा होता. नव्या डोळ्यांनी त्यानं सगळं दुकान बघून घेतलं: खुर्चीत शिंकणारा पाववाला, जमिनीवर बहीण, बहिणीशेजारी सुतार.

"काय चाललंय?"

भिंगरी उठली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. तिनं दोन्ही दगड पुढे धरले आणि सगळं सांगितलं, फक्त खात्री किती वेळा केली तो आकडा गाळून. दादानं पट्टी ठेवून पाहिली, बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"झालं तर मग. दोन्ही वाया. उद्याची दाढी राहू दे, भिंगरे. मागची खुर्ची काही वाईट नाही."

सुतार घाईघाईनं म्हणाला, "सपाट काच असेल तर तिच्यावर पॉलिश पेपर लावून..."

"सपाट काच म्हणजे हा आरसा. आरशाला हात लावाल तर हात राहणार नाही."

भिंगरी मात्र ऐकतच नव्हती. ती फिरत होती. खुर्चीभोवती एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला थांबली.

"दोन दगड एकमेकांना फसवू शकतात," ती म्हणाली. "एकाचा खळगा, दुसऱ्याचा फुगा, आणि दोघांना वाटतं आपण बरोबर. पण तिसरा आला तर? तिघं आळीपाळीनं एकमेकांवर घासले, प्रत्येक जण प्रत्येकावर बसायला लागला, तर कोण कुणाचा खळगा होणार? तिघांपैकी प्रत्येकानं उरलेल्या दोघांवर बसायचं, तर सपाट होण्यावाचून गत्यंतरच नाही!" तिनं हात पुढे केला. "दादा, तुझा निसणा दे."

पाववाल्यानं शिंकही दाबून धरली.

"माझ्या निसण्याला हात लावायचा नाही. तो सपाट आहे. तीस वर्षं सपाट आहे."

"मग पट्टी ठेवून बघूया."

दादानं तोऱ्यात फडकं सोडलं. पट्टी स्वतःच ठेवली. वाकला. आणि वाकलेलाच राहिला. डॉक्टरनं दिलेल्या नव्या नजरेला पट्टीखालची उजेडाची फट स्वच्छ दिसत होती, कवाडाखालून दिसते तशी. तीस वर्षं तो मधला खोल भाग टाळून फक्त दगडाच्या कडेवर धार लावत आला होता, हाताच्या सवयीनं, आणि डोळ्यांना कधी कळलंच नव्हतं.

"हे डॉक्टरनं केलंय," दादा म्हणाला. "आधी असं नव्हतं." मग त्यानं बाह्या वर सारल्या. "कुणाचा कुणावर?"

पुढचे तीन तास दुकानात भिंगरीचं राज्य होतं. तिनं तिन्ही दगडांवर रेघा मारल्या, नेहमीच्या, दाट नाहीत. "दादाचा वर, सुतारांचा खाली. वीस वेळा. थांबा! आता उलट. आता माझा वर, दादाचा खाली. सुतार, पाणी! थेंब थेंब नको, ओता!" दादा आणि सुतार गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत होते. मग दादानं विचारलं की समोरच्या कारखान्यातला तो किरकिरणारा दरवाजा सुतार असून दुरुस्त का करत नाही, आणि सुतार म्हणाला, किरकिरला की तुमच्या बहिणीला कळतं मी बाहेर आलोय. हे बोलून गेल्यावर तो एकदम दगडाकडे बघायला लागला. दादानं काही ऐकलंच नाही असं दाखवलं आणि जरा जोरात घासलं. पाववाल्यानं कंटाळून स्वतःच तोंड धुतलं. तरी गेला मात्र नाही. असा खेळ त्याच्या जन्मात पुन्हा होणार नव्हता.

चार वाजता पट्टी पहिल्या दगडावर ठेवली. उजेड नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही. कुठलाही दगड कुठल्याही दगडावर ठेवा, बसत होता. भिंगरीनं गिरकी घेतली नाही. वस्तरा घेतला, आपल्या निसण्यावर चढवला आणि निवांत, दोन्ही बाजूंनी मोजून, धार लावली. दगडावरून वस्तरा जाताना आवाज बदलला होता. आता तो टोकापासून टोकापर्यंत एकच होता. मग पट्ट्यावर ओढला. मग दादाकडे बघून म्हणाली, "उद्या कशाला? आत्ताच बस."

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. डोकं मागं टाकलं. तिनं साबण लावला, हनुवटी वर केली आणि पहिला हात मारला. वस्तरा ओढला नाही. दुसरा हात. नाही. तिचा जीव असा उचंबळून आला की आता आपण गप्प राहिलो तर फुटून जाऊ, असं तिला वाटलं. सुतार आरशाच्या कडेला उभा होता, हात अजून राखाडी. वस्तरा दादाच्या गळ्याशी आला.

"दादा," भिंगरी म्हणाली, "बोलू नकोस, गळा हलतो. मी ह्यांच्याशी लग्न करणार आहे."

सुताराच्या हातातली पट्टी खाली पडून खणखणली. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. पाववाला बाकावरून अर्धा उठला. दादाचे दोन्ही नवे डोळे छताकडे लागले होते आणि मोठे होत चालले होते. बोलता येत नव्हतं, मान हलवता येत नव्हती, गिळताही येत नव्हतं. वस्तरा मात्र चालतच होता, गळ्याच्या खड्ड्यातून हनुवटीपर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. भिंगरीनं शेवटचा हात मारला, वस्तरा पुसला, मिटला आणि मागं सरली.

दादा उठून बसला. गळ्यावरून हात फिरवला, सुलट, मग उलट. आरशाजवळ जाऊन बघितलं. एक ओरखडा नव्हता.

"हे बोललीस तेव्हा वस्तरा माझ्या गळ्यावर होता."

"हो."

"आणि तुझा हात हलला नाही."

"नाही."

"तुझ्या वहिनीला मागणी घालायला गेलो होतो, तेव्हा मला पाण्याचा पेला धरवत नव्हता. वहिनीला विचार, सगळं पाणी अंगावर." त्यानं खुर्चीवरचं कापड काढलं, झटकलं आणि घडी करून भिंगरीच्या खांद्यावर ठेवलं. "खुर्ची तुझी. कायमची."

"आणि ते दुसरं?"

"ते मला काय विचारतेस? ह्यांना विचारलंस का?"

भिंगरी वळली. सुतार पट्टी उचलायला वाकला होता, तो वाकल्या वाकल्याच म्हणाला, "तीन महिने दर बुधवारी आणि शनिवारी हेच विचारायला येत होतो, बाई. दर वेळी दगडच घासून परत गेलो."

तेव्हा कुठं भिंगरीचे हात थरथरायला लागले. हात, मग गुडघे, मग दातसुद्धा. वस्तरा दादानं हळूच तिच्या मुठीतून काढून घेतला. ती दोन पावलं मागं गेली, खिडकीजवळच्या खुर्चीत धपकन बसली आणि हसायला लागली. एका जागी बसून, अजिबात न फिरता, ती इतकी हसली, की रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबून तिच्यासोबत हसायला लागली.